दाराजवळचं गाठोडं

३ जून २००३, लातूर

ही डायरी मी बारावीला असताना क्लासवाल्यांनी फुकट दिली होती. प्रत्येक पानाखाली एक चौकट छापलेली आहे : ‘आज किती तास अभ्यास केला?’ तेव्हा एकही पान भरलं नाही. आता भरून राहिलो, कारण मनातलं सांगावं असा माणूस लातुरात उरला नाही. आईला सांगता आलं असतं, पण तिला सगळं आधीच माहीत असतं.

हकीकत अशी. मी वैजनाथ, वय वीस, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातून फेब्रुवारीत बाहेर. हेडक्लार्कने मला राजकन्येसमोर ‘ए लंबू, बाजूला हो’ म्हटलं. मी त्याचं रजिस्टर उचललं आणि खिडकीतून फेकलं. खाली पाण्याचा हौद होता. रजिस्टरचा काही दोष नव्हता, हे मला मान्य आहे. पण राजकन्या हसली. गेले चार महिने मी त्या हसण्यावर काढले.

राजकन्या हे तिचं खरंच नाव. आमच्याच कॉलेजात बारावीला होती आणि दोन वर्षं आमच्या आईच्या मेसला जेवायची. आई मूळ हदगावकडची. मी अकरावीला आलो तेव्हा माझ्यासाठी भाकरी थापायला म्हणून दोन वर्षांच्या बोलीवर इथं खोली करून राहिली. बाबा तिकडं शेत आणि म्हैस बघतात. माझा मेडिकलला नंबर लागला नाही, तरी आई परत गेली नाही. आता तिच्याकडं तेरा पोरं जेवतात. माझी काळजी वाटते म्हणून बिचारी अडकून पडली आहे.

आज बारावीचा निकाल लागला. राजकन्येला एकाहत्तर टक्के. पेढा खाईस्तोवर दुसरी बातमी आली : तिच्या काकाने, भुजंगने, तिचं लग्न उदगीरच्या एका आडत दुकानवाल्याशी ठरवलं. एकोणतीस जून. तिचे आईबाप भूकंपात गेले. काका आणि आजीने वाढवलं. त्यामुळं काका म्हणेल ते.

मी त्या उदगीरवाल्याला बघून घेणार आहे.

आजचा अभ्यास : शून्य तास.

५ जून

नशीब म्हणतात ते हेच. पुण्याहून सिनेमावाले आले आहेत. भूकंपानंतर गाव सोडून गेलेल्या बायांची हलाखी, असा विषय. भूकंपाला दहा वर्षं होतात म्हणून. त्यांना इथली बोली जाणणारा, माणसं गोळा करणारा स्थानिक माणूस पाहिजे होता. मी लागलो. शूटिंग कुठं? बोरवंटीला. म्हणजे राजकन्येच्या गावात!

डायरेक्टर राघवेंद्र सर आमच्या खोलीवर जेवायला आले. आईला म्हणाले, “मावशी, तुम्हीही स्थलांतरितच की. तुमचं गाव का सुटलं?”

“ह्याच्या बारावीसाठी.”

“नाही, तसं नाही. दुष्काळ, भूकंप, काही अत्याचार?”

आईने बराच विचार केला. “फिजिक्स लई अवघड होतं म्हणत होता,” ती म्हणाली.

सरांनी वही बंद केली आणि दुसरी भाकरी मागितली.

८ जून, बोरवंटी

जुनं गाव पडलं ते तसंच आहे, बाभळी उगवल्यात. हे नवं गाव सरकारने बांधून दिलं, सरळ रेषेत. प्रत्येकाला पक्कं घर आहे आणि प्रत्येक घरापुढं पत्र्याचं शेड आहे. लोक राहतात शेडमध्ये. पक्क्या घरात ज्वारीची पोती आणि पाहुणे.

राजकन्येची आजी चांगुणाबाई मला म्हणाली, “पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर कायबी येत न्हाई.”

तिच्या शेडच्या दाराजवळ एक गाठोडं होतं. मला वाटलं धुणं. मी बाजूला सरकवायला गेलो तर म्हातारी ओरडली, “ठिव! ते पळायचं हाय!” भूकंपाच्या पहाटे अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर आले सगळे. घरातली काडीसुद्धा निघाली नाही. तेव्हापासून या गावात प्रत्येक दाराजवळ एक गाठोडं बांधलेलं असतं. राशनकार्ड, सातबारा, एक जोडी कपडे, मीठ, काडीपेटी. दर दिवाळीला सोडायचं, ऊन दाखवायचं, काड्या बदलायच्या, परत बांधायचं. दहा वर्षं.

राजकन्या दळण निवडत होती. आजी आत गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाली, “वैजू, एक काम करशील? काका मला वेशीच्या बाहेर जाऊ देईना. कॉलेजातून माझी टी.सी. आणि मार्कमेमो काढून आण. अर्ज लिहिलाय, आजीचा अंगठा घेतलाय. नांदेडला नर्सिंगची मुलाखत हाय, चोवीस तारखेला. अकरा वाजता.”

“नर्सिंग,” मी म्हणालो.

“हाव. नर्सिंग. आईला सांगितलंय मी तुझ्या.”

तिच्या हातातलं सूप जराही थांबलं नाही.

९ जून

रात्रभर विचार केला. टी.सी. कशाला लागते? जन्मतारखेच्या पुराव्याला. जन्मतारखेचा पुरावा कशाला लागतो? कोर्ट मॅरेजला. काका आसपास असेल म्हणून बिचारी ‘नर्सिंग’ म्हणाली. अशा गोष्टी मुली उघड बोलत नाहीत, समजून घ्याव्या लागतात.

ती मार्चमध्येच अठरा झाली. मुलाला मात्र एकवीस पूर्ण पाहिजेत, आणि मी होतो नऊ ऑगस्टला. म्हणजे दोन महिने कमी. या कायद्याने मुलांवर उघड अन्याय केला आहे. कुणीच कसं आंदोलन करत नाही?

११ जून, लातूर

कॉलेजात गेलो. हेडक्लार्क तसाच बसला होता, चष्म्यावरून बघत.

“या लंबूराव. आज काय फेकायचंय?”

माझ्या कानशिलात रक्त चढलं. टेबलावर पेपरवेट होता. मी त्याकडं बघितलं, त्याने मी बघताना बघितलं आणि पेपरवेट ड्रॉवरमध्ये ठेवला. मी माफी मागितली. म्हणाला, मोठ्याने. मी मोठ्याने मागितली. मग त्याने मला सन अठ्ठ्याऐंशीपासूनची रजिस्टरं वर्षवार लावायला बसवलं. अडीच तास. माझं भिजलेलं रजिस्टर खिडकीत वाळत ठेवलेलं होतं, पापडासारखं.

शेवटी टी.सी. दिली. देताना म्हणाला, “पोरगी हुशार आहे. जाऊ दे पुढं.” मी म्हणालो, “आम्ही दोघं पुढं जाणार आहोत.” त्याने चष्मा पुसून माझ्याकडं परत एकदा बघितलं.

आईला कागद दाखवले. तिने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि कडा मेणबत्तीवर धरून बंद केल्या, लोणच्याच्या पुड्या करतात तशा. मी म्हणालो, एवढं कशाला? म्हणाली, “पावसाचे दिवस.” आकाशात ढग नव्हता.

१३ जून

उदगीरला जाऊन आलो. मनात पक्कं होतं : कॉलर धरायची आणि सांगायचं की हे लग्न होणार नाही.

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, दुकान सापडलं. नवरदेव पस्तिशीचा, पोट सुटलेला, तुरीच्या पोत्यावर बसून फोनवर भाव सांगत होता. मला बघून म्हणाला, “या पाव्हणं, बसा. कुठले?” हातात पाण्याचा तांब्या आला. मग चहा आला. मग म्हणाला, “शिकलेले दिसताव. कॉम्प्युटर येतो का? हिशोब ठेवायला माणूस लागतोय मला.”

मी म्हणालो, “तुमच्या होणाऱ्या बायकोला पुढं शिकायचंय.” हे मी कॉलर धरायच्या आधीची प्रस्तावना म्हणून म्हणालो.

“शिकून काय करतीय? बसून खाईल की माझ्याकडं. कायबी कमी न्हाई.” तो अगदी मनापासून बोलत होता. रागच येईना. दुसरा चहा आला.

परतीची गाडी साडेचारची होती, ती पकडली. त्याला सोडलं, पण दया म्हणून.

१६ जून, बोरवंटी

आज कपडेपटाने गाठोडी आणली. बाया गाव सोडून निघतात, डोक्यावर गाठोडी, एस.टी.त बसतात, हा सिनेमातला मोठा सीन आहे. एकवीस गाठोडी, आत रद्दी पेपर भरलेले. चांगुणाबाईने एक उचललं, एका हातानं. सगळ्या बायांना दाखवलं.

“हे गाठोडं हाय का उशी?”

बाया इतक्या हसल्या की मालविका मॅडम, म्हणजे सरांच्या असिस्टंट, घाबरून विचारायला लागल्या काय झालं. मी सांगितलं की यांच्याकडं खरी आहेत. तयार. दहा वर्षांपासून.

“आणा ना मग!” मॅडम म्हणाल्या. पाच मिनिटांत एकवीस गाठोडी वेशीवर. एकीनेही विचारलं नाही की काय काय भरू.

सर एकेक गाठोडं हातात तोलून बघत गेले. मग कॅमेरामनला म्हणाले, “हे आपण लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं.”

राजकन्येला टी.सी. आणि मार्कमेमो दिले. तिने पिशवी छातीशी धरली. डोळे भरले होते. मी म्हणालो, “नऊ ऑगस्टपर्यंत कळ काढ.” ती म्हणाली, “नऊ ऑगस्टला काय हाय?” मी हसलो. तीही हसली, जरा उशिरा.

१८ जून

दोन दिवस पाऊस झाला आणि सगळं रान हिरवं झालं. सर डोक्याला हात लावून बसलेत. दुष्काळ, भूकंप आणि मागं पोपटी गवत. शेवटी असं ठरलं की कॅमेरा खाली लावायचा, फक्त वेस आणि गाडी दिसेल.

भुजंगकाकाला रोल मिळालाय. गावातला वडीलधारा, कट्ट्यावर बसून जाणाऱ्या बायांकडं उदास बघतो. सकाळपासून उदास बसायची प्रॅक्टिस करून राहिला. त्यामुळं राजकन्येला सीनमध्ये घ्यायची परवानगीही मिळाली. “माझ्या डोळ्यांसमोरच हाय पोरगी,” तो म्हणाला.

राजकन्येने मला विचारलं, गाडी खरी आहे का? मी म्हणालो, हाव, महामंडळाची, करारावर. मग विचारलं, सीन झाल्यावर गाडी परत गावात येते का? मी म्हणालो, नाही, शेवटच्या टेकनंतर तशीच लातूर डेपोला. किती वाजेपर्यंत? मी म्हणालो, चारपर्यंत उरकेल.

तिला सिनेमाच्या तंत्रात इतका रस आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्यात बोलायला किती विषय आहेत!

२२ जून, लातूर

आई म्हणाली, उद्या मी नांदेडला तुझ्या मावशीकडं जाते, मेसला दोन दिवस सुट्टी दिलीय. चार वर्षांत तिने कधी मेस बंद ठेवली नाही. मी विचारलं, मावशी आजारी आहे का? म्हणाली, ठणठणीत हाय. डबा भरत होती. बारा दशम्या. मी म्हणालो, एकट्याला एवढ्या? म्हणाली, “गप ऱ्हा.”

मावशीकडं काय खायला मिळत नाही का, देव जाणे.

२३ जून, बोरवंटी

घडलं तसं लिहितो.

एस.टी. अकराला आली. ड्रायव्हर माणिकप्पा निलंग्याकडचा. पुढं पाटी होती ‘लातूर’. कपडेपटाने तिच्यावर ‘पुणे’ची पाटी लावली. माणिकप्पा म्हणाला, “लावा, काय लावायचं ते लावा. गाडीला वाचता येत न्हाई.”

सीन असा : बाया गाठोडी घेऊन निघतात, गाडीत चढतात, मी दार लावतो (कॅमेऱ्याच्या पलीकडून, फक्त हात), गाडी पाण्याच्या टाकीच्या वळणापर्यंत जाते. कट. बाया उतरून चालत परत येतात.

पहिल्या टेकला बायांनी फार घाई केली. सर म्हणाले, गाव सोडताय, जड पावलाने चला. चांगुणाबाई म्हणाली, “भूकंपात जड पावलानं चालत न्हाईत साहेब.” दुसऱ्यांदा एक बकरी गाडीत चढली. तिसऱ्या टेकनंतर भुजंगकाका सरांकडं गेला आणि म्हणाला, “सर, मी नुसता बसण्यापेक्षा शेवटचं गाठोडं माझ्या हातानं वर दिलं तर? जरा काळजाला लागंल.” सरांना पटलं.

शेवटी चढणारी राजकन्या होती. तिच्या डोक्यावर आजीचं गाठोडं. ते काकाने तिच्या हातून घ्यायचं, ती चढली की वर द्यायचं. चौथ्या टेकला तसंच दिलं. पाचव्या वेळी स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं : “जा पोरी. सुखी ऱ्हा.” सहाव्या वेळी म्हणाला, “लईच जड हाय की गं.” सर ओरडले, हे वाक्य नको.

सातव्या वेळी काकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिने खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मग चढली. मी दार ओढलं. ती खिडकीतून म्हणाली, “वैजू, दार नीट लाव.”

मी नीट लावलं. कडी बसली की नाही ते दोनदा हलवून बघितलं.

गाडी गेली. सर म्हणाले, “कट. ओके. झालं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वळणावरून बाया चालत आल्या. मालविका मॅडमने मोजल्या. वीस.

पुन्हा मोजल्या. वीसच. चांगुणाबाई शेडच्या दारात बसली होती. दाराजवळची जागा रिकामी.

२४ जून

काल पुढं लिहिता आलं नाही. गाल अजून सुजलेला आहे.

भुजंगकाकाने मला सगळ्या युनिटसमोर थोबाडीत दिली. “कुठं पळवलीस माझी पोरगी?” मी उलटा हात उचललाच होता. पळवणारा मी असतो तर इथं काय करत असतो, असं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात म्हातारीकडं लक्ष गेलं. ती माझ्याकडं बघत होती. काही खूण नाही, काही नाही. नुसती बघत होती.

आणि मला आठवलं. नांदेड. चोवीस तारीख. अकरा वाजता. तिने सरळ मराठीत सांगितलं होतं.

मग आई आठवली. बारा दशम्या.

तिथंच मातीत बसावंसं वाटलं. पण काकाने कॉलर धरलेली होती, त्यामुळं उभा राहिलो.

“बोल! कुठं गेली ती?”

उद्या अकरापर्यंत हा माणूस नांदेडला पोचता कामा नये, एवढं एकच डोक्यात राहिलं. जन्मात पहिल्यांदा मी आवाज न चढवता बोललो.

“गाडीवर पाटी काय होती, वाचता येतं ना?”

“पुणे?”

“मग.”

दुसरी थोबाडीत बसली. मग काका, त्याचा मेव्हणा आणि आणखी दोघं जीपमध्ये बसून पुण्याला निघाले. सर म्हणाले, “अहो, ती आमची पाटी होती.” मालविका मॅडमने त्यांच्या पायावर पाय दिला. ते मी बघितलं.

जीप गेल्यावर चांगुणाबाईने मला पितळीत दूध आणून दिलं. आता सगळ्या गावाला वाटतं की राजकन्येचं आणि माझं काहीतरी होतं. मी नाही म्हणालो नाही. तेवढं एक मला ठेवून घेऊ दे.

२६ जून, लातूर

आई आली. पेढे घेऊन. “ॲडमिशन झालं. हॉस्टेल बी मिळालं.”

“तू गेली होतीस तिच्याबरोबर.”

“मग काय पोर एकटी जाईल? डेपोत उभीच होते मी.”

“मला का सांगितलं नाही?”

“तुला सांगितलं होतं की तिनं. तू ऐकलास का?”

मी भांडं आपटलं. पोचा आला. आईने ते उचललं, बघितलं आणि म्हणाली, “दार मात्र नीट लावलंस म्हणं. ती सांगत होती.”

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. समोर क्लास सुटला होता, हजारभर पोरं सायकली घेऊन चालली होती. त्यात एकही चेहरा ओळखीचा नव्हता.

२ जुलै, बोरवंटी

युनिट गेलं. उरलेलं सामान पाठवायला आलो होतो. काका पुण्याहून तीन दिवसांनी परतला. स्वारगेटवर उभं राहून शोधलं म्हणे. उदगीरवाल्याने लग्न मोडलं आणि महिन्याभरात दुसरीकडं जमवतो म्हणाला. काका माझ्याशी बोलत नाही. पण सरांना फोन करून विचारलंय की आपला सातवा टेक ठेवला का.

चांगुणाबाई नवीन गाठोडं बांधत होती. जुनं लुगडं, मीठ, काडीपेटी.

मी म्हणालो, “आजी, परत?”

“लागतंय की दाराजवळ. न्हाईतर झोप येत न्हाई.” गाठ मारली, ओढून बघितली. मग म्हणाली, “पर दहा वरसं त्ये नुसतं ठिवून ठिवून मलाच कंटाळा आलता बाबा. गेलं एकदाचं कुणाच्या तरी कामाला.”

९ ऑगस्ट, लातूर

आज एकवीस पूर्ण झाली. कायद्याने आता काही अडचण नाही.

मागच्या आठवड्यात कॉलेजात जाऊन आलो. हेडक्लार्कने खिडकीतलं रजिस्टर काढलं. “वाळलंय. नाव आहे तुझं अजून. शाई जरा पसरलीय.” दुसऱ्या वर्षाला परत बसतोय. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. सकाळी मेसची पोरं पुस्तकं घेऊन जातात आणि मी भाजी निवडत बसतो, ते बरं दिसत नव्हतं एवढंच.

राजकन्येचं पत्र आलं. आईच्या नावाने. आईने सगळं वाचून दाखवलं नाही. माझ्यासाठी एवढंच होतं : ‘वैजूला सांगा, पट्टी बांधायला शिकले. त्याच्या सुजलेल्या गालाचं आजीने निरोप धाडून कळवलं होतं.’

दुपारी बाबा आले हदगावहून, आईला न्यायला. खोलीत तेरा ताटं मांडलेली, पोरं जेवून राहिली होती, त्यांना बसायला जागा नव्हती. दारातच उभं राहून म्हणाले, “चार वर्सं झाली, शिवकांता. म्हैस मी धुतो, चूल मी पेटवतो. दोन वर्साची बोली होती ना?”

आई भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

“हाव. पर ह्याचं शिक्षण ऱ्हायलंय की अजून. ह्याला सोडून कसं येऊ? बघताव ना कसा तापट हाय ते.”

बाबा माझ्याकडं वळले. “किती लागतील रं अजून?”

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “दोन तर लागतीलच. नापास झाला तर चार.” आणि तव्यावरची भाकरी उलटताना माझ्याकडं बघितलं. तिने मला असं कधी काही मागितलेलं नाही.

आजचा अभ्यास : अर्धा तास. जास्त केला नाही. आईला बहुतेक चार वर्षं हवी आहेत. तेवढं मला जमण्यासारखं आहे.